दोन हजारांची यादी मोबाईलवर, दोन कोटींची कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या आमच्या गावात ओट्यावर बसलं की एकच विषय, सरकार परदेशांना पैसे का वाटतं, इथे केळीला भाव नाही, विम्याचे पैसे अडकलेत, कापसाचं तर बोलूच नका, आणि तिकडे खिरापत चाललीय. एकाने तर ठोकून दिलं की बजेटचा चौथा हिस्सा बाहेर जातो. मी मोबाईल काढला आणि म्हटलं भो, आधी आकडा तर बघ. 2025-26 च्या केंद्रीय बजेटमध्ये परराष्ट्र खात्याकडे इतर देशांना मदत म्हणून 5,483 कोटी धरलेत आणि सगळं बजेट 50 लाख 65 हजार कोटींचं, म्हणजे शंभर रुपयांत अकरा पैसे. त्यातले 2,150 कोटी एकट्या भूतानला, 700 नेपाळला, 600 मालदीवला, 500 मॉरिशसला. हे काही गुपित नाही, बजेटच्या कागदात छापलेलं आहे, कोणीही बघू शकतो. तर तो चौथ्या हिश्शावाला गप्प झाला खरा, पण दोनच मिनिटांनी म्हणतो कसा, ठीक आहे दिले, पण त्या पैशाचं तिथे झालं काय? आता याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण प्रश्न एकदम बरोबर होता, आणि त्याच्यासाठीच हे पत्र लिहितोय.

आपल्याकडे गरिबाला दिलेला पैसा सगळ्या जगाला दिसतो. पीएम किसानच्या पोर्टलवर जा, राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडा, अख्ख्या गावाची यादी नावासकट खाली सरकत येते. वर्षाचे सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, एवढ्यासाठी माझं नाव, माझ्या वडिलांच्या नावासकट, कोणालाही बघता येतं. मला त्याचं वाईट वाटत नाही, उलट बरंच आहे, शेजारचा नोकरीवाला असून हप्ता खातोय का ते कळतं. रेशनचं तेच, घरकुलाचं तेच, घरकुलाची यादी तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागते आणि तिच्यावरून भांडणंही होतात. मग माझा साधा सवाल आहे, दोन हजारवाल्याचं नाव भिंतीवर चालतं तर दोन कोटींची ग्रँट घेणाऱ्या संस्थेचं नाव, रक्कम, काम आणि शेवटी त्यातून काय निघालं हे आम्हाला एका जागी, आमच्या भाषेत का दिसू नये?

आमच्या जिव्हाळ्याचं उदाहरण देतो. रावेर-यावलकडे पावसाळ्यात जून-जुलैची केळीची लागवड नीट वर आलेली असते आणि ढगाळ वातावरण चार-पाच दिवस टिकलं की पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागतात, पोंगा (मधली कोवळी पानाची सुरळी) सडतो, मग समजायचं सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस आला. मावा नावाची कीड हा व्हायरस एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आजूबाजूला काकडीवर्गीय पिकं आणि तण असलं की अजून जोर. औषध नाही. रोप मुळासकट उपटायचं आणि बागेबाहेर नेऊन पुरायचं किंवा जाळायचं, दुसरा इलाज नाही, टिश्यूकल्चरच्या महागड्या रोपांचे पैसे, ठिबक, बेसल डोस सगळं मातीत. त्या वेळेला माणूस विचार करतोच ना की यावर संशोधन करणारे कोण आहेत. आहेत की. त्रिचीला केळीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र 1993 पासून आहे, जळगावला राहुरी कृषी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्र आहे. केंद्र सरकारच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाने 2012 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीबरोबर केळीत लोह वाढवायचा करार केला, त्यात मोहालीची संस्था होती, त्रिचीचं केंद्रही होतं. म्हणजे आपल्या पैशातून, परदेशी विद्यापीठाच्या सोबतीने, आपल्याच पिकावर संशोधन. चांगलंच आहे, माझा विरोध नाही. पण ज्या जिल्ह्याच्या केळीला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्या जिल्ह्यातल्या केळीवाल्याला विचारा, असा काही करार झाला होता हेच दहातल्या नऊ जणांना माहीत नसेल. कोणाला किती गेले, पुढे काय ठरलं, रोप शेतापर्यंत येणार की नाही, हे मराठीत एका पानावर लिहून त्याच्यापुढे कोणी ठेवलंय?

आता सगळंच झाकलेलं आहे असंही मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोला. विज्ञान खात्याच्या सर्ब नावाच्या बोर्डाने (त्याच्या जागी आता 2023 च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलंय) मंजूर प्रोजेक्टची माहिती, संशोधकाचं नाव आणि रक्कम यासकट, ऑनलाईन टाकली होती. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. पण या नव्या फाउंडेशनचा हिशोब बघा, पाच वर्षांत 50,000 कोटी, त्यातले साधारण 14,000 कोटी सरकारचे आणि बाकीचे उद्योगांकडून, देणगीतून वगैरे यायचे असं सांगितलं गेलं. एवढा खाजगी पैसा सरकारी पैशात मिसळणार असेल तर कोणाच्या पैशातून कोणतं संशोधन होतंय हे पहिल्या दिवसापासून उघडं पाहिजे, नंतर शोधत बसून काही हाती लागत नाही.

आणि कायदा नाही असं तर मुळीच नाही. माहिती अधिकार कायदा 2005 चा, त्यातलं कलम चार वाचा, अर्ज न करता स्वतःहून माहिती जाहीर करायची असं त्यात लिहिलंय, सबसिडीच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली, लाभार्थी कोण हे सगळं त्यात येतं. पुढे एप्रिल 2013 मध्ये केंद्राच्या कार्मिक विभागाने अजून स्पष्ट केलं की मंत्रालयांनी राज्यांना, एनजीओंना आणि इतर संस्थांना दिलेली सगळी अनुदानं दरवर्षी वेबसाईटवर टाकायची, मंत्री आणि मोठ्या अधिकाऱ्यांचे परदेश दौरेसुद्धा टाकायचे, आणि हे सगळं नीट होतंय का त्याचं त्रयस्थाकडून ऑडिट करायचं. वित्तीय नियमांप्रमाणे ग्रँट घेतली की युटिलायझेशन सर्टिफिकेट (यूसी, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च केल्याचा दाखला) द्यावंच लागतं, वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत. म्हणजे कागद तयार असतो. फाईलमध्ये असतो. फक्त स्कॅन करून टाकायचा आहे.

आमच्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेत मी एका प्रोजेक्टचा शेवटचा रिपोर्ट बघायला मागितला होता, गुप्त वगैरे काही नाही, माती-पाण्याचाच विषय. ऑफिसमधले भाऊसाहेब आधी म्हणाले सर रजेवर आहेत, मग म्हणाले यूसी पाठवलंय त्यामुळे विषय संपला, आणि शेवटी खालून वर बघत, "पण तुम्हाला कशाला पाहिजे?" दहा रुपये लावून अर्ज टाकला तर तीस दिवस थांबायचं, मग अपील, मग माहिती आयोग, आणि आयोगाकडे गेलेली फाईल म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. कलम चार नीट पाळलं असतं तर ना त्या भाऊसाहेबांना त्रास ना मला.

वर आता नवीन काळजी. 2023 च्या डेटा प्रोटेक्शन कायद्याने माहिती अधिकारातलं कलम 8(1)(ञ) बदललं आणि नोव्हेंबर 2025 पासून तो बदल लागूही झाला. आधी जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्यायची असं त्या कलमातच लिहिलेलं होतं, आता वैयक्तिक माहिती म्हटलं की सरळ नाही म्हणायची सोय झाली. जनहिताचं कलम 8(2) अजून शिल्लक आहे, पण तालुक्याच्या ऑफिसात ते कोण उघडून वाचणार. उद्या प्रोजेक्ट घेणाऱ्याचं नाव विचारलं तर म्हणतील वैयक्तिक आहे, आणि माझं पीएम किसानवालं नाव मात्र तसंच लटकलेलं.

तिकडे अमेरिकेत बघा. तिथे 2006 मध्ये दोन विरुद्ध पक्षांचे सिनेटर, टॉम कोबर्न आणि बराक ओबामा, एकत्र आले आणि सरकारचा प्रत्येक ग्रँट ऑनलाईन टाकायचा कायदा केला, 2007 च्या डिसेंबरात यूएसएस्पेंडिंग नावाची साईट सुरू झाली. त्याचा उपयोग आपल्यालाच झाला. फेब्रुवारी 2025 मध्ये तिकडून बातमी सुटली की भारतात मतदान वाढवायला 2.1 कोटी डॉलर दिले होते, इथे टीव्हीवर आठवडाभर गोंधळ, याने खाल्ले त्याने खाल्ले. इंडियन एक्सप्रेसने रेकॉर्ड काढून दाखवलं की ते पैसे 2022 मध्ये बांगलादेशसाठी मंजूर झालेले होते, कारण तिथे प्रत्येक ग्रँटला काम कुठे होणार त्या जागेचं नाव चिकटवलेलं असतं. मजा म्हणजे त्याच महिन्यात यूएसएडची, म्हणजे परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेची, स्वतःची वेबसाईट बंद केली गेली, जुलैत ती संस्थाच गुंडाळली, पण पैसे कुठे गेले ते रेकॉर्ड दुसऱ्या साईटवर असल्यामुळे राहिलं. उलट आपल्याकडे जुलै 2022 मध्ये गृह खात्याच्या एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या) साईटवरून संस्थांचे वार्षिक हिशोब आणि रद्द झालेल्या लायसन्सची यादी काढून टाकली. परदेशातून पैसा येतो म्हणून संस्थांवर संशय घ्यायचा आणि त्या पैशाचा हिशोब लोकांसमोरून उचलायचा, याला काय म्हणावं!

काही प्राध्यापक मंडळी म्हणतील की सगळं उघड केलं तर पेटंटचं काय, कल्पना चोरीला जातील, आणि गावातला कोणीही उठून हिशोब विचारत बसेल. पेटंटचं म्हणणं मला पटतं, व्यापारी गुपितांना कायद्यात आधीच संरक्षण आहे, फॉर्म्युला कोणी मागत नाहीये. पण प्रोजेक्टचं नाव, रक्कम, कालावधी, सोबत परदेशी संस्था कोणती आणि दोन पानांचा सोप्या मराठीतला शेवटचा अहवाल, यात कोणतं गुपित फुटतं? आणि गावातला माणूस हिशोब विचारणार या भीतीबद्दल म्हणाल तर आम्हाला पोकराच्या (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या) वेळेपासून सवय आहे. 2018 पासून जागतिक बँकेच्या कर्जातून तो प्रकल्प जळगाव जिल्ह्यात चालला, शेडनेट कोणाला, शेततळं कोणाला, ठिबक कोणाला, गावातल्या पोरालाही पाठ होतं, चौकशा झाल्या, तक्रारी झाल्या, तरी काम थांबलं नाही. जागतिक बँक तर आपल्या साईटवर त्याच प्रकल्पाचे प्रगती अहवाल टाकते आणि काम किती समाधानकारक झालं त्याची ग्रेडसुद्धा देते.

तर माझं मागणं मोठं नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या प्रत्येक कॉलेजने, विद्यापीठाने आणि संशोधन केंद्राने मिळालेल्या ग्रँटचं एक पान मराठीत करावं आणि दर मार्चनंतर बदलावं. नंदुरबारला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी 2023 पासून केंद्राची मोहीम चालू आहे, तिथे तपासणी कोणत्या संस्थेने केली आणि तिला किती मिळाले हे अक्कलकुवा-धडगावच्या आरोग्य केंद्राबाहेर लावावं, रुग्णांची नावं सोडून. आणि परराष्ट्र खात्याने देशाच्या नावाखाली प्रोजेक्टचंही नाव द्यावं, भूतान म्हणजे कोणता रस्ता, कोणतं हॉस्पिटल.

तुमच्या बातमीदारांनी एक करावं, जिल्ह्यातल्या सरकारी ऑफिसांच्या वेबसाईटवर कलम चारचं पान उघडून शेवटचं कधी अपडेट झालंय ते नुसतं छापावं. काही ठिकाणी बदली होऊन गेलेल्या साहेबांचा फोन नंबर अजून तिथेच आहे. आणि जागेअभावी पत्र कापावं लागलं तर बजेटचे आकडे कापा, कलम चार तेवढं राहू द्या.

आपला,
एक केळी उत्पादक वाचक
ता. यावल, जि. जळगाव