फळ्यावर दोन रकाने आख

ठाणे,
सुक्कोथची सुट्टी

चि. सोनू हिला आईचे अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तुझा आवाज भरून आला होता आणि मी आपली ‘होईल गं सगळं नीट’ एवढं म्हणून फोन ठेवला. मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तू विचारत काय होतीस, आणि मी उत्तर काय दिलं! फोनवर मला काही सुचत नाही. लिहायला बसलं की आठवत जातं, म्हणून हे पत्र. तुझी शाळा सुक्कोथ संपून सिम्हाथ तोराचा सण होईपर्यंत बंद आहे, तेवढ्यात वाचून होईल.

तू सांगितलंस ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पहिलीचा वर्ग, १ सप्टेंबरला शाळा सुरू झालेली, मुलं अजून रुळायची आहेत. किप्पूरचा, आपल्या मोठ्या उपासाच्या दिवसाचा, धडा चाललेला. त्यात दोन वर्षांपूर्वी ठाण्याहून तिकडे इस्रायलला गेलेल्या घरातला तो मुलगा हात वर करून म्हणतो, ‘आमच्याकडे याला दारफाळणी म्हणतात.’ वर्ग हसतो. शेजारच्या वर्गाच्या जुन्या बाई तुला सांगतात की त्याला बरोबर शब्द शिकव आणि पुढे जा. आणि त्या दिवसापासून पोराने तोंड उघडलेलं नाही. तू म्हणालीस, ‘आई, मी कुठे चुकले?’

सोनू, मी काही शिक्षिका नव्हे. चाळीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढली. पण मी आपल्या बेने इस्रायली ज्यूंच्या शाळेत शिकले, आणि त्या मुलाच्या जागी मी स्वतः एकदा बसलेली आहे.

चौथीपर्यंत मी घराजवळच्या दुसऱ्या एका शाळेत होते. शनिवारी तिथे अर्धा दिवस शाळा असायची. शनिवार म्हणजे आपला शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, म्हणून माझे वडील पाठवत नसत. चाचणी नेमकी शनिवारी ठेवली जायची आणि माझ्या नावापुढे शून्य पडायचं. सोमवारी वर्गात उभं करून विचारायचे, ‘तुमचं काय ते वेगळंच असतं का गं?’ मला उत्तर माहीत होतं, पण ते तोंडातून बाहेर येत नसे. वर्षभरात मी इतकी गप्प झाले की आई घाबरली. तिने वडिलांच्या मागे लागून पाचवीला माझं नाव माझगावच्या सर एली कदूरी शाळेत घातलं. ती स्वतः तिथलीच. रिबेका रूबेनबाई मुख्याध्यापिका होत्या त्या काळातली. त्या १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या, विलायतेत शिकून आल्या आणि १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षं आपल्या पोरांसाठी त्या शाळेत राहिल्या. आजी त्यांचं नाव घेताना खुर्चीत सरळ होऊन बसायची, आठवतं ना तुला?

शाळा त्याहून जुनी. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी ती १८७५ मध्ये सुरू केली, तेव्हा तिचं नाव इस्रायली शाळा. त्याआधी आपली मुलं मिशनऱ्यांच्या शाळांत जात. आपल्या लोकांना हिब्रूचं पहिलं व्याकरण मराठीतून मिळालं तेही जॉन विल्सन या मिशनरी साहेबाकडून, १८३२ साली. त्याचा हेतू काय होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी आपल्या लोकांनी व्याकरण घेतलं, हेतू तिथेच ठेवला. केहीमकरांना मात्र वाटलं की आपली शाळा हवी, जिथे मराठी, इंग्रजी आणि हिब्रू एका छपराखाली शिकता येईल. पुढे लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत मिळाली, मग कदूरींच्या देणगीतून आजचं नाव लागलं. तेलाच्या घाण्यावरून उठून आलेल्या, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटल्या गेलेल्या आपल्या लोकांच्या नातवंडांसाठी हे सगळं उभं केलं, हे मला आजही फार मोठं वाटतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते.

आमच्या हिब्रूच्या बाई पहिल्या दिवशी वर्गात आल्या आणि पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर मधोमध एक उभी रेघ ओढली. एका बाजूला लिहिलं ‘घरचं नाव’, दुसऱ्या बाजूला ‘पुस्तकातलं नाव’. मग म्हणाल्या, सांगा, तुमच्या आजीच्या तोंडचे सण सांगा. आम्ही एकमेकींकडे बघत बसलो. शाळेत असलं काही सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. शेवटी मागून कोणीतरी म्हणालं, नव्याचा सण. बाईंनी लिहिलं आणि समोर लिहिलं, रोश हशाना, म्हणजे नवं वर्ष. मग बिरड्याचा रोजा. समोर तिशा बआव, म्हणजे मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास. आणि मग मी म्हणाले, दारफाळणी.

कोणी हसलं नाही. बाईंनी तो शब्द इतरांपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिला. समोर ‘योम किप्पूर’ लिहिलं आणि विचारलं, दारफाळणी म्हणजे काय? दार लावून घ्यायचं. का लावायचं? कोणी म्हणालं, उपास असतो म्हणून. कोणी म्हणालं, त्या दिवशी परक्याला शिवायचं नसतं म्हणून. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग सांगितलं की किप्पूरच्या दिवशी सूर्य मावळताना जी शेवटची तेफिला, म्हणजे प्रार्थना, होते तिचं नाव निईला. निईला म्हणजे दार बंद करणं. आभाळाच्या वेशी मिटायच्या आत केलेली प्रार्थना. ‘तुमच्या पणजीला हिब्रू वाचता येत नव्हतं,’ बाई म्हणाल्या, ‘पण दाराचं तिला माहीत होतं.’

सोनू, त्या मुलाने वर्गाला निईलाच शिकवली. वर्गाला ते कळलं नाही, एवढंच. सुट्टी संपली की पहिल्याच दिवशी तू फळ्यावर दोन रकाने आख. फक्त त्याच्यासाठी नको, नाहीतर तो पुन्हा एकटा पडेल. तुझ्या वर्गात मोरोक्कोच्या घरातली मुलं आहेत, इथिओपियाची आहेत, रशियाहून आलेल्यांची आहेत. प्रत्येकाच्या आजीकडे काहीतरी असणार. सगळ्यांचं भरून होऊ दे आणि त्यात दारफाळणीही असू दे.

आमच्या बाईंची दुसरी रीत जोड्यांची. हव्रुता हा शब्द तेव्हा आम्हाला कोणी सांगितला नव्हता, पण होतं तेच. दोघींनी एकच ओळ मोठ्याने वाचायची, एकीने अर्थ सांगायचा, दुसरीने त्यात खोट काढायची, मग उलट. माझी जोडी बाईंनी लावली ती नागपाड्याच्या एका मुसलमान मुलीशी. आपली मुलं तोवर वर्गात थोडीच उरली होती. दर सुट्टीनंतर एखादं बाक रिकामं दिसायचं, ती मुलं बोटीने नाहीतर विमानाने इस्रायलला गेलेली असायची. तेव्हा दुसऱ्या घरांतली मुलंही हिब्रूच्या तासाला हौसेने बसत. मी उजवीकडून डावीकडे वाचताना अडखळायचे आणि ती सरसर वाचायची, कारण मदरशात तिची अलिफ-बे पक्की झाली होती. हिब्रूची अलेफ-बेत तिला तिची चुलत बहीण वाटायची. स्वरांच्या खुणा मात्र तिला जमत नसत. त्या मी तिला मराठीतून समजावल्या, बाईंनीच तसं शिकवलं होतं. अक्षराखाली एक ठिपका म्हणजे वेलांटी. डोक्यावर ठिपका म्हणजे ओ. खाली आडवी रेघ म्हणजे काना. महिनाभरात दोघी सारख्या वेगाने वाचू लागलो. म्हणून जोड्या लावताना हुशार आणि कच्चा अशी मापं लावू नकोस. एकाला जे येतं ते दुसऱ्याला येत नाही, अशी दोघं शोध.

वाद घालायची मुभा होती, पण एक अट होती. हिल्लेल आणि शम्माई या आपल्या जुन्या धर्मगुरूंच्या घराण्यांचं तुला ठाऊकच आहे. वर्षानुवर्षं भांडले, दोन्ही मतं जपून ठेवली गेली, पण निकाल हिल्लेलच्या बाजूने गेला. कारण काय, तर ते आपलं मत सांगण्याआधी समोरच्याचं मत सांगत. आमच्या वर्गात तोच कायदा. भांडायचं असेल तर आधी तिचं म्हणणं तिला पटेल असं बोलून दाखव. निम्मी भांडणं तिथेच विरायची. तुझे बाबा आणि मी हे घरात करायला हवं होतं, पण ते जाऊ दे.

आता एक गोष्ट सांगते, ती तुला अर्धीमुर्धी माहीत आहे. तुझे आजोबा, माझे वडील, गेले तेव्हा मी आठवीत होते. सात दिवस संध्याकाळी घरी तेफिला व्हायला हवी आणि गेलेल्यासाठी कद्दीश म्हणायचं तर दहा पुरुष, म्हणजे मिन्यान, हवेत. चाळीतली आपली घरं निम्मी रिकामी झाली होती. पहिल्या दिवशी सातच जमले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर हिब्रूच्या बाई नववी-दहावीच्या मुलांना घेऊन जिन्याने वर आल्या. दफ्तरं गॅलरीत रांगेने ठेवली, चपला काढल्या, रुमाल डोक्याला बांधले. त्यात एक मुलगा होता, हिब्रूत दर परीक्षेला नापास होणारा. बाईंनी सिद्दुरमधल्या, प्रार्थनेच्या पुस्तकातल्या, ओळीवर बोट ठेवून त्याच्याकडूनच ‘आमेन, येहे शमे रब्बा’ म्हणवून घेतलं. तो घामाघूम झाला, पण म्हणाला. पुढचे सगळे दिवस आला. परीक्षेत तो पुन्हा नापास झाला असेल, मला आठवत नाही. त्याचा आवाज मात्र आठवतो.

आणि माझी ती जोडीदारीण डबा घेऊन आली. डब्यात उकडलेली अंडी. तिच्या आईला कोणी काही सांगितलं नव्हतं. फळ्यावर बिरड्याचा रोजा लिहिला होता त्या दिवशी बाईंनी सांगितलं होतं की दुःखाच्या घरी वाल, मसूर, अंडी असं गोल अन्न देतात. तिने ते लक्षात ठेवलं होतं. आई भिंतीला टेकून बसली होती, दोन दिवस पोटात काही नव्हतं. तिने ते अंडं हातात घेतलं आणि रडायला लागली, मग खाल्लं.

मला विचारशील तर आपली शाळा म्हणजे हे. घंटेच्या आतलं आणि घंटेनंतरचं वेगळं नव्हतं. तुझ्या शाळेत इमारत मोठी आहे, संगणक आहेत, सगळी मुलं ज्यू आहेत. आम्ही मिन्यानला माणसं मोजत होतो. पण त्या मुलाच्या घरी तू अजून गेली नाहीस ना? सुट्टीतच जा. वही-पुस्तकाबद्दल एक शब्द काढू नकोस. आजी असेल तर तिच्याशी मराठीत बोल. तो तुला आजीशी मराठीत बोलताना ऐकेल, एवढं पुरे आहे.

पेसाहच्या सणाला रात्री वाचतो त्या हग्गादात चार मुलगे येतात. शहाणा, दुष्ट, साधा आणि ज्याला विचारताच येत नाही तो चौथा. पहिल्या तिघांना उत्तरं आहेत. चौथ्यासाठी लिहिलंय, ‘आत् पेताह लो’, तू त्याला उघडून दे. हे मला म्हातारपणी कळलं की यातलं ‘आत्’ हे बाईला उद्देशून म्हटलेलं ‘तू’ आहे. इतर ठिकाणी पुरुषाचं रूप, आणि इथेच बाईचं. आपल्या घरी १८७४ च्या पुण्याच्या हग्गादाच्या चित्रांच्या छापील प्रती आहेत, त्यात लुगडी नेसलेल्या, हातभर बांगड्यांच्या बायका मात्सा, पेसाहची बिनखमिराची भाकरी, लाटताना दिसतात. लहानपणी तू बोट ठेवून विचारायचीस, ‘यातली आजी कुठली?’ ते चित्र मी तुला पाठवते आहे. वर्गात लाव. त्या मुलाला ती बाई ओळखीची वाटेल.

पिर्के अवोथ या जुन्या गुरूंच्या वचनांच्या पुस्तकात हिल्लेलचंच आहे की लाजणारा शिकत नाही आणि तापट माणूस शिकवू शकत नाही. तुझा राग मला माहीत आहे, तू माझीच मुलगी. त्या जुन्या बाईंशी भांडू नकोस. त्यांना एकदा तुझ्या वर्गात येऊन बसायला सांग.

हिवाळ्यानंतर तुमच्याकडे पहिलीच्या मुलांना पहिला सिद्दुर देण्याचा कार्यक्रम असतो म्हणालीस. त्या दिवशी मुख्याध्यापकांना विचारून मलिदा करता आला तर बघ. एलियाहू हन्नाबीचं, आपल्या एलियाहू प्रेषिताचं, नाव घेऊन सगळ्या वर्गाला द्यायचा. पोहे धुऊन निथळून ठेव, फार भिजवू नकोस, लगदा होतो. खोबरं ओलंच घे, साखर, वेलची आणि पाच फळं. त्या मुलाच्या आजीला बोलाव, तिच्या हाताने कालवू दे. बेराखा, आशीर्वचन, कुठली आधी म्हणायची ते तिला तुझ्याहून जास्त ठाऊक असेल.

सिनेगॉगमधल्या एक बाई पुढच्या महिन्यात लोदला मुलाकडे चालल्या आहेत. त्यांच्याकडे चार किलो पातळ पोहे, वाल आणि कोकम देते. सोबत एक वही आहे, ट्रंक आवरताना सापडली. माझी पाचवीची. पुढून उघडलीस तर मराठी, मागून उघडलीस तर हिब्रू. बाईंनी एकाच वहीत दोन्ही लिहायला सांगितलं होतं, शंभर पानी वही दोन विषयांना पुरायची. मधली चार पानं कोरी राहिली आहेत, वार्षिक परीक्षा आली तेव्हा.

जेवणाची आबाळ करू नकोस. जावयांना शालोम सांग.

तुझी,
आई