पेडिकॅब म्हणजे सायकलरिक्षा नव्हे

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला फिलिपिन्सवरचा लेख वाचला. बोराकाय, मनिला सगळं झकास, पण दुमागेते शहराला जेमतेम दोन ओळी आणि त्यातली एक चुकलेली! 'शहरात सायकलरिक्षा धावतात' असं छापलंय. पेडिकॅब हा शब्द बघून लेखकाने पेडल धरलं असणार. अहो ती चक्क मोटरसायकल असते, बाजूला पत्र्याचा डबा जोडलेला, बाकी देशात तिला ट्रायसिकल म्हणतात, दुमागेतेत पेडिकॅब.

मी बोटीवर नोकरी केली, अर्धा क्रू फिलिपिनो, आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तिकडचाच, त्याच्या घरी आठ दिवस राहिलोय म्हणून ठामपणे सांगतो. हात करायचा, ठिकाण सांगायचं. आधी बसलेल्यांच्या वाटेवर पडत असेल तर ड्रायव्हर मान हलवणार, नसेल तर सरळ पुढे निघून जाणार, आपण दुसरी बघायची, त्यात कोणालाच काही वाटत नाही. मीटर नाही. म्हणजे आपलं वडापच हो, फक्त रूट ठरलेला नसतो, पॅसेंजर बसतील तसा वळत जातो, त्यामुळे पहिल्याच दिवशी मला बाजारात जायचं होतं तर अर्धं गाव फुकटात बघून झालं. लांब बायस, बाकोलोदकडे जायला पिवळ्या सेरेस बस आहेत.

दुसरी ओळ, 'सिक्विहोर बेटाला जाताना एक रात्र थांबा'. एक रात्र? सिलिमन युनिव्हर्सिटी बघायलाच एक दिवस जातो, १९०१ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी १५ मुलांवर सुरू केलेली, आज समुद्राला लागून मोठमोठ्या झाडांखाली पसरलीय, जुन्या सिलिमन हॉलमध्ये म्युझियम आहे. कॅथेड्रलशेजारचा कांपानारियो हा दगडी घंटाघराचा मनोरा, समुद्री चाचे आले की गावाला सावध करायला बांधलेला (आम्हा कोकणातल्यांना हे वेगळं सांगायला नको). आणि समुद्रकाठचा रस्ता, रिझाल बुलेवार्ड! फिलिपिन्सचे राष्ट्रनायक होसे रिझालना १८९६ मध्ये दापितानहून मनिलाला नेताना त्यांची बोट इथे थांबली होती, त्याच वर्षी ३० डिसेंबरला स्पॅनिश सरकारने त्यांना गोळ्या घातल्या. संध्याकाळी सगळं गाव तिथे कठड्यावर बसलेलं असतं, समोर सिक्विहोर दिसतं.

खाण्याचं तर लेखात नावच नाही. बाजारात सकाळी गरम चॉकलेटबरोबर बुडबुड मिळतं, चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवून केळीच्या पानात गुंडाळलेला, आपल्या पातोळ्या हळदीच्या पानात तसं हे. मी रोज चार खायचो, बोसनची आई मोजायची.

तर सायकलरिक्षाची दुरुस्ती तेवढी छापा, पेडिकॅबच्या फोटोसकट छापलीत तर कात्रण बोसनला पाठवतो, त्याला मराठी येत नाही पण फोटो कळेल.

आपला,
एक निवृत्त खलाशी, रत्नागिरी