चि. मुक्तास, घरून करायच्या नोकरीबद्दल

चिंचवड

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला बायोडाटा आणि त्यासोबतचं अर्जाचं पत्र, दोन्ही सावकाश वाचलं. फोनवर बोलायला घेतलं की ओम मध्ये येतो आणि विषय अर्धवट राहतो, म्हणून सगळं लिहूनच काढते आहे. तूही एकदा निवांत बसून वाच.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलंस याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तू मराठी माध्यमातली, इंग्रजीत चार ओळी लिहायच्या म्हटलं की अडखळायचीस, आणि त्यापायी कितीतरी ठिकाणी अर्जच केला नाहीस हे मला माहीत आहे. ती अडचण दूर झाली तर आनंदच आहे. पण ते पत्र वाचताना मी तुला शोधत होते आणि तू मला सापडली नाहीस. ‘रिझल्ट-ड्रिव्हन, डिटेल-ओरिएंटेड फायनान्स प्रोफेशनल’ अशी सुरुवात आहे. हे वाक्य कोणाच्याही पत्रावर चालेल.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ते चॅटजीपीटी आलं. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात आमच्या पर्सोनेल खात्यात येणारे अर्ज बघता बघता बदलले. अकाउंट्सच्या एका जागेला गठ्ठा यायचा आणि सगळा एकाच माणसाने लिहून दिल्यासारखा वाटायचा. इंग्रजी स्वच्छ, शब्द तेच, उत्साहही तोच. मग मी पहिला परिच्छेद वाचणंच सोडून दिलं. खाली कुठे एखादी खरी गोष्ट दिसते का, एवढंच बघायचे. कोणत्या माणसाने कोणतं काम कसं केलं, हे एका ओळीत जरी असलं तरी तो अर्ज बाजूला काढून ठेवायचे. तिकडे लंडनमध्ये किंवा सिडनीत बसून तुझा अर्ज बघणारी बाईसुद्धा असंच काहीतरी करत असणार, कारण तिच्याकडे येणारा गठ्ठा आमच्यापेक्षा मोठा असणार.

आता त्या ३० टक्क्यांबद्दल. ‘बिलं जुळवण्याचा वेळ ३० टक्क्यांनी कमी केला’ असं तुझ्या बायोडाटात आहे. हा आकडा तू दिला होतास का? मला नाही वाटत. हजारो बायोडाटांमध्ये अशा जागी असा एखादा आकडा असतो, म्हणून यंत्रानेही तिथे तो घातला. खरं-खोटं त्याला माहीत नसतं, पुढे कोणता शब्द शोभेल एवढंच ते बघतं. मुलाखतीत कोणी विचारलं, ‘हे कसं मोजलंत?’ तर तू काय सांगणार? तुझा स्वभाव मी ओळखते. तू गडबडशील, आणि जे खरं केलं आहेस त्यावरही समोरच्याचा विश्वास बसणार नाही. तो आकडा काढून टाक. आणि इथून पुढे यंत्राला सुरुवातीलाच बजावून सांग, की मी न दिलेला एकही आकडा, पद किंवा अनुभव घालायचा नाही, आणि माहिती कमी पडली तर आधी मला प्रश्न विचारायचे. असं सांगितलं की पुष्कळ फरक पडतो. तरीही शेवटी ओळन् ओळ तूच तपासायची.

पुण्यात नोकरीला असताना रात्री जेवताना तू काय सांगायचीस ते आठव. पुरवठादाराने ११ तारखेच्या आत आपली बिलं जीएसटीच्या पोर्टलवर चढवली नाहीत तर ती आपल्याला तिथे वेळेत दिसत नाहीत, आणि आपलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, लांबू शकतं. चाकणचा तो एक पुरवठादार कायम उशीर करायचा, म्हणून तू त्याला ९ तारखेलाच फोन लावायचीस. ‘आई, ११ नंतर फोन करून काही उपयोग नसतो गं, आधीच पकडायचं,’ हे तुझं वाक्य. हे कोणी तुला शिकवलं नव्हतं, साहेबांनी सांगितलंही नव्हतं. ज्या माणसाला हिशोब ठेवणारं कोणीतरी हवं आहे, त्याला ‘डिटेल-ओरिएंटेड’ या शब्दापेक्षा हा ९ तारखेचा फोन जास्त काही सांगेल.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट तर त्या कागदात नाहीच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं तेव्हा तुझ्या चुलतसासऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान बुडालं. वह्या, बिलांच्या फायली, टॅलीचा कॉम्प्युटर, सगळं गेलं. विम्याच्या माणसाला नुकसान दाखवायचं तर पुरात दुकानात माल किती होता हे सिद्ध करायला हवं होतं, आणि कागद एकही हातात नव्हता. तू ओमला मांडीवर घेऊन जीएसटीच्या पोर्टलवरून सगळी खरेदी उतरवून काढलीस, बँकेचे उतारे मागवलेस, मोठ्या पुरवठादारांकडून त्यांच्याकडची खाती मागवून ती ताडून पाहिलीस, विक्री रिटर्नमधून घेतलीस, आणि नव्याने टॅली उभं केलंस. तेव्हापासून त्या दुकानाचा हिशोब तूच ठेवते आहेस. हे तू यंत्राला सांगितलं नाहीस, कारण तुझ्या मते ते ‘घरचं काम’. मग त्या वर्षांच्या जागी यंत्राने ‘स्वतंत्र आर्थिक सल्लागार’ असं काहीतरी भारदस्त लिहून टाकलं. मुक्ता, ते काढ आणि जे घडलं ते लिही. मूल लहान होतं म्हणून पूर्ण वेळ नोकरी केली नाही, या काळात एका दुकानाचे हिशोब सांभाळले, आणि पुरानंतर ते शून्यातून पुन्हा उभे केले. नोकरीत खंड पडलेल्या बायकांचे अर्ज मी इतकी वर्षं पाहिले आहेत. खंड लपवायला गेलं की तोच नजरेत भरतो. सरळ लिहिला की वाचणारा पुढे जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की यंत्राकडे जायच्या आधी कागद-पेन घेऊन बस. आधी अशा घडलेल्या गोष्टी मराठीत लिही, जशा मला सांगतेस तशाच. मग ते यंत्राला दे आणि इंग्रजी करून घे. त्याला मराठी समजतं.

दुसरा कागद यादीचा. तुला काय हवं, काय चालेल आणि काय अजिबात चालणार नाही. ‘घरून काम’ एवढंच मनात धरून तू दिसेल तिथे अर्ज करते आहेस, आणि त्यात तुझी दमणूक होते आहे. यादीत पहिलं घड्याळ लिही. परदेशी फर्मचं काम म्हणजे त्यांच्या वेळा. इंग्लंडचं नऊ ते पाच म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी दीड ते रात्री साडेनऊ, आणि हिवाळ्यात ते घड्याळ मागे घेतात म्हणून अडीच ते साडेदहा. सिडनीचं उलट. तिथले नऊ म्हणजे आपले पहाटेचे साडेचार, आणि ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साडेतीनच. दुपारी साडेबारापर्यंत मात्र तू मोकळी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासाठी संध्याकाळी साडेसहा-साडेसातला बसायचं आणि रात्री अडीच-साडेतीनला उठायचं. हे शेवटचं तू ‘नको’च्या रकान्यात लिही असं मला वाटतं. ओम पहिलीत आहे, सकाळी त्याला तयार करून शाळेत सोडायचं आहे. रोजच्या जागरणाने तू महिन्यातच आजारी पडशील. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांतलं काय जमेल ते निखिलरावांशी आणि सासूबाईंशी बोलून ठरव. सासूबाईंना आधी विचार. ओमच्या सकाळी आणि संध्याकाळी त्यांच्यावर येणार आहेत.

त्यांच्या वर्षाचं चक्रही लिहून ठेव. इंग्लंडचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि रिटर्न ऑनलाइन भरायची शेवटची तारीख ३१ जानेवारी, म्हणजे जानेवारीत कामाचा डोंगर. ऑस्ट्रेलियाचं वर्ष १ जुलै ते ३० जून. जून-जुलैत त्यांची घाई, आणि नेमके तेच आपले पावसाचे दिवस. तुमच्याकडे एकदा वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. तेव्हा ‘दोन तास लाइट गेली तर काम नंतर भरून देता येईल का’ हा प्रश्न यादीत हवाच. काही ठिकाणी कॉम्प्युटरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवतात, दर थोड्या वेळाने स्क्रीनचा फोटो निघतो आणि मिनिटांवर पैसे मिळतात. ते तुला चालेल का, हे आजच ठरव. नोकरी समोर आली की माणूस कशालाही हो म्हणतो.

पैशाचाही एक आकडा लिही, त्याच्या खाली जायचं नाही असा. तो यंत्राला विचारू नकोस. तुझ्याबरोबर पुण्यात काम करणाऱ्या ज्या दोघी आता परदेशी फर्मचं बुककीपिंग करतात, त्यांना फोन कर. पगारी नोकर म्हणून घेतात की कंत्राटावर, पीएफ आहे का, सुट्टीचे पैसे मिळतात का, हेही त्यांच्याकडूनच नीट कळेल. झिरो आणि क्विकबुक्स या तिकडच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधलं आधी काय शिकावं तेही विचार. दोन्हींचं शिक्षण ऑनलाइन मिळतं. टॅली जिला आत-बाहेर माहीत आहे तिला ते जड नाही.

ही यादी तयार झाली की यंत्राचा खरा उपयोग सुरू होतो. एखादी जाहिरात आली की ती आणि तुझी यादी शेजारी शेजारी ठेवून विचार, की माझ्या कोणत्या मुद्द्याचं उत्तर यात आहे, कोणत्या मुद्द्यावर जाहिरात गप्प आहे, आणि गप्प असलेल्या जागांवर मी काय विचारावं. कित्येक जाहिरातींत वर ‘रिमोट’ लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘उमेदवार त्याच देशात राहणारा हवा’. हे आधीच कळलं की अशा ठिकाणी तुझा तास वाया जाणार नाही. बोलायचा सरावही त्याच्याबरोबर कर. त्याला मुलाखत घ्यायला सांग आणि उत्तरं मोठ्याने बोल, टाइप करू नकोस. ओम झोपल्यावर रोज थोडा वेळ. चुकलीस तरी तिथे ऐकायला कोणी नाही, आणि आठवड्याभरात जीभ वळायला लागेल.

त्यात काय टाकायचं नाही तेही सांगते. आधार, पॅन, बँकेचा तपशील तर नाहीच, आणि दुकानाची किंवा जुन्या कंपनीची खातीही नाहीत. कोणी नमुन्याचं काम करायला दिलं तर यंत्राची मदत चालेल का, हे आधी विचारून घ्यायचं. नाही म्हणाले तर ते सगळं आपल्या हाताने करायचं.

आणि फसवणूक. पूर्वी खोटी जाहिरात इंग्रजीवरून ओळखू यायची, आता ती सोय राहिली नाही. फसवणारेही याच यंत्राकडून लिहून घेतात. म्हणून भाषेकडे बघू नकोस, व्यवहाराकडे बघ. नोंदणीचे, ट्रेनिंगचे, लॅपटॉपच्या डिपॉझिटचे, कशाचेही पैसे मागितले की तिथेच बोलणं बंद. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायला सांगून आधी थोडे पैसे देतात आणि मग मोठी रक्कम भरायला लावतात, तो प्रकार तुला माहीत आहे. डेटा एन्ट्रीचा करार करून नंतर ‘काम चुकलं, दंड भरा’ अशा वकिलाच्या खोट्या नोटिसा पाठवणारेही आहेत. इंग्लंडची कंपनी असेल तर कंपनीज हाउस या तिथल्या कंपन्यांच्या सरकारी नोंदणीच्या साइटवर, ऑस्ट्रेलियाची असेल तर एबीएन लुकअप या तिथल्या व्यवसायांच्या नोंदणीच्या साइटवर नाव टाकून बघ, दोन्ही फुकट आहेत. आपल्याकडची असेल तर कंपनी मंत्रालयाच्या साइटवर. नाव सापडलं तरी पत्र खरंच त्यांच्याच ईमेलवरून आलं आहे का ते ताडून बघ. आणि चुकून कधी पैसे गेलेच तर लाजत बसू नकोस, त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या नंबरला फोन लाव. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

तू नोकरी शोधते आहेस हे कळल्यापासून मला फार बरं वाटतं आहे. लग्नानंतर आणि मग ओमच्या पाठीमागे तुझं काम सुटलं तेव्हा तू एका शब्दाने बोलली नाहीस, पण मला ते लागलं होतं. तू हिशोबात हुशार आहेस, हे आई म्हणून म्हणत नाही. कामावर माणसं घेण्यात माझा जन्म गेला, त्या नजरेने म्हणते. तुझा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, त्या पुराच्या गोष्टीसकट, तर मी त्याच दिवशी तुला बोलावलं असतं.

दोन्ही कागद झाले की फोटो काढून पाठव, मी वाचते. नवा अर्ज त्यानंतर करू. इन्व्हर्टरची बॅटरी बाबा घेऊन देणार म्हणतात. राउटर आणि लॅपटॉप दोन्ही किती तास चालवायचे आहेत तेवढं निखिलरावांना विचारून कळव, म्हणजे ते त्या हिशोबाने बघतील. आणि यंदा कॉम्प्युटर वरच्या मजल्यावरच लावा.

ओमला गोड पापा. सासू-सासऱ्यांना नमस्कार सांग.

तुझी,
आई