फॅन डायरेक्ट, बॅटरी डाऊन

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारींच्या देखभालीवर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात ‘गाडी गरम होत असेल तर थर्मोस्टॅट काढून टाकावा आणि रेडिएटरचा फॅन डायरेक्ट करून घ्यावा’ असा सल्ला होता. डायरेक्ट म्हणजे तापमानाचा स्विच टाळून, चावी ऑन असेपर्यंत सतत फिरणारा. दोन्ही उपाय सर्रास केले जातात. त्यांनी तापमानाचा काटा काही दिवस खाली राहतो हेही खरं. पण नंतर सकाळी गाडी चालू व्हायला त्रास देऊ लागते, तेव्हा त्याचा संबंध या उपायांशी कोणी लावत नाही. म्हणून हे पत्र.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) बहुतेक गाड्यांत ८२ किंवा ८८ अंश सेल्सियसला उघडू लागतो. आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिनाला नीट ऊब येतच नाही. कार्बोरेटरच्या गाडीत चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो. इंजेक्शनच्या गाडीत तापमानाचा सेन्सर ‘इंजिन थंड आहे’ असंच कळवत राहतो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) जादा पेट्रोल सोडत राहतो. प्लग काजळतात, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, आणि मग सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही. त्यातही काही इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागची तबकडी बायपासचा रस्ता बंद करते. तिथे थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा राहतो, गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो आणि चढावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. म्हणजे ज्यासाठी काढला, तेही साधत नाही.

थर्मोस्टॅट तपासायला पातेलंभर पाणी आणि एक थर्मामीटर पुरतो. दोऱ्याने टांगून पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश आगेमागे तो उघडायला लागला, त्यापुढे दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला आणि गार होताना पुन्हा घट्ट मिटला, तर तो निर्दोष आहे. दोष दुसरीकडे शोधा.

फॅनचंही तेच. त्याची मोटर १० ते १५ अँपिअर सहज खाते. सिग्नलला उभ्या गाडीत दिवे, वायपर आणि एसी चालू असताना जुना अल्टरनेटर आयडलवर एवढा भार पुरवू शकत नाही, मग उरलेलं बॅटरीतून जातं. फ्यूज आणि रिले टाळून ओढलेली तार तापते, हा धोका वेगळाच. जुन्या गाड्यांत रेडिएटरवर दोन तारांचा थर्मोस्विच असतो. त्याचा कनेक्टर काढून दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडा, चावी ऑन करा, हात पात्यांपासून लांब ठेवा. फॅन फिरला तर स्विच गेला आहे. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने पाहा.

गाडी नेमकी कधी तापते, याला फार महत्त्व आहे. उभी असताना तापते आणि वेगात निवळते, तर संशय फॅनवर. गर्दीत ठीक, पण हमरस्त्यावर किंवा चढावर तापते, तर रेडिएटर आतून चोंदलेला, वॉटर पंपाची पाती झिजलेली, किंवा खालचा होज पाईप आतली स्प्रिंग गंजून गेल्याने वेगात चपटा होतो. रेडिएटरचं झाकण तर कोणी बघतच नाही! ०.९ बारचं झाकण दाब नीट धरत असेल तर साधं पाणीसुद्धा ११९ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की पाणी १०० लाच उकळून बाटलीत फेकलं जातं. झाकण बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. अर्थात ते उघडायचं इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. भरायचं ते कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं. नळाच्या पाण्याने क्षार साचतात.

आता सेल्फविषयी. बॅटरी बदलण्याआधी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसावेत. हे सगळं ठीक असून सेल्फ जड फिरत असेल तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी (बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनाला जोडणारी) सडली आहे किंवा तिचा बोल्ट गंजला आहे. पॉझिटिव्ह खांब ते स्टार्टर या बाजूला ०.५ पर्यंत चालतं.

अर्थ खराब असेल तर सेल्फचा काही प्रवाह कूलंटमधून वाट काढतो आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर आतून खातो. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा, लाल पिन धातूला न लावता गार रेडिएटरच्या पाण्यात बुडवा आणि सेल्फ मारा. ०.३ व्होल्टच्या वर आकडा गेला तर नवा रेडिएटर बसवूनही तो पुन्हा गळेल. अर्थ आधी, रेडिएटर नंतर.

गरम असताना बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप चालू होणाऱ्या गाडीत त्याच वेळी स्पार्क पाहावा, गार झाल्यावर पाहून उपयोग नाही. स्पार्क नसेल तर कॉइल किंवा क्रँक सेन्सर, असेल तर पेट्रोलचा दाब.

हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधलं सील) गेल्याची खूण मात्र तापणं आणि चालू न होणं या दोन्ही तक्रारींत दिसते. गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, सकाळी काही सेकंद मिसिंग (एखादा सिलिंडर न पेटणं) आणि पांढरा धूर. ऑइलच्या झाकणाखालचा दुधी थर एकटाच असेल तर घाबरू नये, थोड्या-थोड्या अंतराच्या फेऱ्यांनी तो येतोच. पण कूलंट कमी होत असेल आणि एके सकाळी सेल्फ ‘टक्’ करून अडकला, तर पुन्हा सेल्फ मारू नका, धक्काही देऊ नका. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असू शकतं आणि ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळे प्लग काढून, इग्निशन कॉइलचा कनेक्टर सोडवून, मगच इंजिन फिरवावं.

आपला,
वाहनदुरुस्ती व्यवसायातील एक वाचक