ऑप्शन फॉर्म भरण्याआधी खर्च कळू द्या : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण आमच्या सांगली जिल्ह्याचे पालकमंत्रीही आहात, म्हणून दोन्ही नात्यांनी आपल्याला हे लिहितो आहे. मी तासगाव तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांच्या सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की आसपासच्या गावांतले पालक मुलांना घेऊन ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाची यादी, भरायला येतात. कोणते कॉलेज वर टाकायचे आणि कोणते खाली, हे विचारायला ते येतात असे बाहेरून वाटते. पण खुर्चीत बसल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असतो, "सर, सगळं मिळून किती पडंल?" या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर त्या दिवशी माझ्याकडे नसते, कॉलेजकडे नसते आणि शासनाच्या संकेतस्थळावरही नसते.

योजना नाहीत असे मी म्हणणार नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाचे निम्मे शिक्षण शुल्क शासन भरते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, त्याच उत्पन्न मर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. हा निर्णय मोठा आहे. "पोरीला बीएस्सीला घालू, भावाला इंजिनिअरिंगला" असे ठरवून आलेली घरे या निर्णयामुळे माझ्यासमोर बसून विचार बदलताना मी पाहिली आहेत. त्याबद्दल शासनाचे मनापासून आभार.

अडचण क्रमाची आहे. आधी ऑप्शन फॉर्म, मग जागा, मग कॉलेजात पैसे भरणे, आणि त्यानंतर महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज. म्हणजे निवड करताना घराला मदत दिसतच नाही. दिसतो तो कॉलेजच्या फलकावरचा पूर्ण आकडा. सवलतीची रक्कम विद्यार्थ्याकडून आगाऊ घेऊ नका, असे शासनाने कॉलेजांना वेळोवेळी बजावले आहे. तरीही "आत्ता पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ" हे वाक्य दर वर्षी कोणा ना कोणा पालकाला ऐकावे लागते, आणि जागा जाईल या भीतीने तो भरतो.

तो कुठून भरतो, हेही सांगायला हवे. आमच्याकडे द्राक्षाचा पैसा जानेवारी ते एप्रिलमध्ये येतो. जुलै-ऑगस्टला प्रवेश सुरू होतात तेव्हा तो एप्रिल छाटणीत, खतांत आणि सोसायटीच्या पीककर्जाच्या भरण्यात गेलेला असतो, आणि समोर ऑक्टोबर छाटणीची औषधे उभी असतात. उसाचा गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, त्याचे पहिले बिल त्यानंतर. शेतकऱ्याच्या वर्षातले सगळ्यात कोरडे दिवस म्हणजेच कॉलेजचे प्रवेश. नंतर मिळणारे पन्नास हजार त्याला त्या वेळी उपयोगाचे नसतात. तो व्याजाने पैसे काढतो, नाहीतर स्वस्तातले कॉलेज वर टाकतो.

यंदाची एक मुलगी सांगतो. पर्सेंटाइल इतके चांगले की पुण्यातल्या नामांकित कॉलेजात जागा मिळण्याची शक्यता होती. शुल्कमाफीमुळे तिचे शिक्षण शुल्क पुण्यात शून्य आणि सांगलीतही शून्यच. तरी वडिलांनी घरापासून एसटीने जाता येईल असे कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकायला लावले. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की प्रवेश आपोआप पक्का होतो, तसा तो झाला. त्यांचा हिशेब सरळ होता. माफी शिक्षण शुल्काची आहे. विकास शुल्क, खोलीचे भाडे, मेस, अनामत रक्कम हे सगळे उरतेच. सरकारी वसतिगृहात जागा मिळेल की नाही हे प्रवेश झाल्यावर कळणार. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळेल का आणि कधी, हेही नंतरच कळणार. इतक्या "नंतर"वर मुलगी दोनशे किलोमीटर लांब पाठवायला ते धजावले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केले असते. पण त्या मुलीने जे कमावले होते ते तिला मिळाले नाही, आणि कागदोपत्री ती शासनाच्या योजनेची लाभार्थीच राहील.

कर्मवीर भाऊराव पाटलांचे घराणे आमच्या वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. त्यांनी साताऱ्यात १९२४ मध्ये बोर्डिंग काढले आणि सगळ्या जातींची मुले एकत्र ठेवली. त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९४७ मध्ये साताऱ्याला कॉलेज उभे राहिले ते कमवा आणि शिका या तत्त्वावर. खेड्यातल्या पोराची शाळा फीमुळे जितकी अडते तितकीच राहण्या-जेवण्यामुळे अडते, हे त्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. आपल्या योजना आजही शिक्षण शुल्काभोवतीच फिरतात. वसतिगृहाची जागा आणि निर्वाह भत्ता हे जागावाटपाबरोबरच कळले, तर कराडच्या, जतच्या, आटपाडीच्या मुली पुण्या-मुंबईचे पर्याय निर्धास्तपणे वर टाकतील.

शासनाची मदत अशी उशिरा बोलते, म्हणून दुसरेच कोणी आधी बोलून जाते. काही खासगी विद्यापीठे मे महिन्यातच घरी फोन करतात. "तुमच्या मुलाला पन्नास टक्के स्कॉलरशिप मंजूर झाली आहे, आठ दिवसांत सीट बुक करा." कॅपच्या, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या तेव्हा सुरूही झालेल्या नसतात. पालकाच्या हातात एक ठोस आकडा पडतो, तोही पोराच्या कौतुकासकट, आणि तो पैसे भरून मोकळा होतो. पुढे कळते की ती सवलत पहिल्या वर्षापुरती होती, किंवा ठरावीक ग्रेड टिकली तरच पुढे चालू राहणार होती. मूळ फीच इतकी जास्त असते की निम्मी झाल्यावरही ती कॅपमधल्या कॉलेजपेक्षा महाग पडते. शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि मुलींची शुल्कमाफी खासगी व अभिमत विद्यापीठांना लागू नाही, हे त्या फोनवर कोणी सांगत नाही.

अशीच फसगत संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरते त्या, जागांबाबत होते. कॉम्प्युटर शाखा हवी म्हणून पालक कॅप सोडून थेट कॉलेजात प्रवेश घेतात. प्रवेश कॅपमधून झालेला नसेल तर ईबीसीची, म्हणजे शाहू महाराज शिष्यवृत्तीची, सवलत नाही, हे त्यांना महाडीबीटीचा अर्ज भरताना कळते. मग चारही वर्षे पूर्ण फी. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, पाच टक्के जागांचेही तेच. तिथे शिक्षण शुल्क माफ असते आणि ऑप्शन फॉर्मवर त्या जागांचा कोड वेगळा असतो, हे शहरातल्या क्लासवाल्यांच्या मुलांना पाठ असते. कवठेमहांकाळच्या वाडीवरून आलेल्या मुलाने ते आधी ऐकलेलेही नसते.

महोदय, हे दुरुस्त करायला नवा निधी लागतोच असे नाही. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, म्हणजे आकडे शासनाकडे आहेत. जात, उत्पन्न, नॉन-क्रिमिलेअर हे दाखले सीईटी कक्षाच्या नोंदणीतच तपासले जातात. मग त्याच कागदांवर शिष्यवृत्तीची पात्रता त्याच वेळी का ठरू नये? महाडीबीटीवर तीच कागदपत्रे पुन्हा चढवायला लावण्याऐवजी, मुलगा ऑप्शन फॉर्म उघडेल तेव्हा प्रत्येक कॉलेजच्या कोडसमोर त्याच्या स्वतःच्या नावावरचा आकडा दिसू द्या : शिक्षण शुल्क इतके, शासन भरणार इतके, विकास शुल्क व इतर इतके, वसतिगृह असल्यास त्याचे इतके, तुम्ही प्रवेशाच्या दिवशी भरायचे इतके. यातले शेवटचे सगळ्यात ठळक अक्षरात. आणि त्यापेक्षा एक रुपयाही जास्त मागणाऱ्या कॉलेजची तक्रार तिथूनच करता यावी, तिचा निपटारा प्रवेशाची मुदत संपायच्या आत व्हावा.

खासगी विद्यापीठांना शिष्यवृत्ती द्यायची असेल तर ती संपूर्ण अभ्यासक्रमाच्या फीसह आणि सगळ्या अटींसह, मराठीत, लेखी द्यायला लावा. कॅपच्या फेऱ्या संपेपर्यंत भरलेले बुकिंगचे पैसे मागितल्यास परत मिळालेच पाहिजेत, मूळ कागदपत्रेही.

८ लाखांच्या रेषेबद्दलही थोडे. आई परिचारिका आणि वडील पोलीस हवालदार अशा घराचे उत्पन्न ही रेषा जेमतेम ओलांडते आणि मदत एकदम शून्यावर येते, मग घरात कॉलेजला जाणारी दोन मुले असोत. रेषेच्या वर एक-दोन पायऱ्या ठेवून मदत हळूहळू कमी करता येईल. याला पैसा लागेल, हे मान्य.

पुढच्या वर्षीची नोंदणी सुरू होण्याआधी पालकमंत्री म्हणून सांगलीत एक बैठक घ्यावी, ही विनंती. सीईटी कक्षाचे आणि महाडीबीटीचे अधिकारी एकाच टेबलावर असावेत. तासगाव, जत, आटपाडी, शिराळ्याकडून आम्ही अर्ज भरून देणारे शिक्षक येऊ. कोणत्या पानावर पालक अडतो आणि कोणत्या आकड्यापाशी तो कॉलेज खाली सरकवतो, ते आम्ही प्रत्यक्ष फॉर्म उघडून दाखवू.

आपला विश्वासू,
गणिताचा एक शिक्षक
ता. तासगाव, जि. सांगली