उपास करून ब्लड कॅन्सर मरत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या आरोग्य पुरवणीत ब्लड कॅन्सरवर लेख होता, त्यात ‘ग्रोथ फॅक्टर तोडले की कॅन्सरची पेशी उपाशी मरते’ असं लिहून लगेच खाली साखर सोडा, दूध सोडा, उपास करा. आमच्या काकांना सीएमएल हा ब्लड कॅन्सर आहे, त्यावरची इमॅटिनिब ही गोळी चालू आहे, आणि आता त्यांचं म्हणणं की एकादशीपासून गोळी बंद करून बघू!

अहो, ग्रोथ फॅक्टर म्हणजे खाणं नव्हे. ती आपल्याच शरीरात बनणारी प्रोटीनं, पेशीच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेला, चिकटली की आत निरोप जातो, ‘तू जग आणि वाढ’. रक्ताच्या पेशीला हा निरोप लागतोच, नाही आला तर ती स्वतःच स्वतःला संपवते. इथपर्यंत तुमचा लेख ठीकच आहे. मायलोमा नावाच्या ब्लड कॅन्सरात बोन मॅरोतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, शेजारच्या पेशी आयएल-६ हा ग्रोथ फॅक्टर पुरवत राहतात म्हणून कॅन्सरची पेशी टिकते, आणि सीएलएल या आणखी एका ब्लड कॅन्सरच्या पेशी तर पेशंटच्या अंगात वर्षानुवर्षं जगतात पण लॅबच्या बशीत एकट्या ठेवल्या की थोड्याच दिवसांत मरायला लागतात. पण हा निरोप काही पोहे-जिलेबीतून येत नाही हो, आणि साबुदाण्याची खिचडी खाल्ली म्हणून थांबतही नाही.

सीएमएलची गोष्ट तर अजूनच वेगळी. तिथे पेशीतल्या ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे (गुणसूत्रांचे) तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीआर-एबीएल नावाचं प्रोटीन तयार होतं, ते म्हणजे बटण अडकलेली डोअरबेल, दारात कोणी नसलं तरी वाजतच राहते. बाहेरचे ग्रोथ फॅक्टर तोडून तिथे काय होणार? ती बेल इमॅटिनिब बंद करतं. २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं औषध, आपल्याकडे २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पेटंट नाकारलं म्हणून स्वस्त जेनेरिक मिळत राहिलं, नाहीतर आमच्यासारख्यांना कुठलं परवडायला. आणि गंमत म्हणजे ही गोळी जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची असते, रिकाम्या पोटी मळमळून जीव नकोसा होतो.

काही पेशंटची गोळी डॉक्टर थांबवतात, खोटं नाही, पण कित्येक वर्षं रिपोर्ट उत्तम आल्यावर, आणि पुढेही बीसीआर-एबीएल परत वाढतंय का हे बघणारी पीसीआर ही रक्ताची टेस्ट करत करत.

तेव्हा पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच टायपात, एखाद्या रक्तरोगतज्ज्ञाला विचारून दुरुस्ती छापा, आणि त्यात ‘गोळी बंद करू नका’ हे स्पष्ट लिहा. काका माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात.

आपला,
एक जुना वाचक, रामबाग, इंदूर