दोन अ‍ॅरे समान आहेत का, या तुझ्या प्रश्नाविषयी

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत 12 आणि 7 हेच आकडे असलेले दोन अ‍ॅरे (मूल्यांच्या क्रमवार याद्या) ‘ईक्वल्स’ या समानता तपासणाऱ्या मेथडने ताडून पाहिले तर उत्तर ‘फॉल्स’, म्हणजे असमान, येते आणि कंपायलर (आपला कोड तपासून भाषांतरित करणारा प्रोग्रॅम) चकार शब्द काढत नाही, यात तुझ्या दोन रात्री गेल्या हे वाचून वाईट वाटले, कारण मीही याच जागी अडखळलो होतो. नाट्यगृहाच्या आरक्षणासाठी रांग आणि आसन यांची जोडी अ‍ॅरेत ठेवून ते अ‍ॅरे मी हॅशसेटमध्ये, म्हणजे समान गोष्ट एकदाच ठेवणाऱ्या संग्रहात, टाकले होते. बाराव्या रांगेतले सातवे आसन दोनदा आले, तरी सेट त्याची दोन आसने मोजत राहिला.

जावातील अ‍ॅरे हा ऑब्जेक्टच असतो, पण ‘ईक्वल्स’ आणि ‘हॅशकोड’ (हॅशसेट शोधासाठी वापरतो ती संख्या देणारी) या मेथड त्याला सर्व क्लासचे मूळ असलेल्या ऑब्जेक्ट क्लासकडून जशाच्या तशा मिळतात. त्यामुळे दोन्ही रेफरन्स, म्हणजे ऑब्जेक्टकडे बोट दाखवणाऱ्या खुणा, मेमरीतल्या एकाच अ‍ॅरेचे आहेत का, एवढेच तपासले जाते. आतले आकडे ताडायचे तर ‘अ‍ॅरेज.ईक्वल्स’ वापरावे, लांबी जुळली तरच ते घटक पाहते. तुझ्या आसनांच्या तक्त्यासारखा अ‍ॅरेंचा अ‍ॅरे असेल, तर मात्र तेही पुरत नाही, कारण आतल्या प्रत्येक ओळीसाठी ते पुन्हा त्याच ‘ईक्वल्स’ला विचारते. तेथे आतल्या ओळींचे घटकही ताडणारे ‘डीपईक्वल्स’च हवे.

मला खरी खंत आहे ती टाइप, म्हणजे मूल्याचा प्रकार, तपासण्याची. इंटचा आणि लाँगचा (लहान आणि मोठ्या पूर्णांकांचा) अ‍ॅरे ‘==’ने ताडू गेलास तर कंपायलर तिथेच अडवतो; तीच तुलना ‘ईक्वल्स’ने केलीस तर बिनबोभाट सोडून देतो, कारण त्या मेथडला कोणताही ऑब्जेक्ट चालतो. गो भाषेने येथे अधिक सरळ मार्ग धरला असे मला मनापासून वाटते. तेथे लांबी हा अ‍ॅरेच्या टाइपचाच भाग आहे, म्हणून तीन आणि चार घटकांच्या अ‍ॅरेंची तुलना कंपाइलच होत नाही; एकाच टाइपच्या अ‍ॅरेंत ‘==’ घटकच पाहते; आणि दोन स्लाइसमध्ये (लांबी बदलू शकणाऱ्या याद्यांमध्ये) तर ते चिन्ह वापरताच येत नाही, म्हणून लिहिणाऱ्याला आपल्याला कोणती समानता हवी हे आधी ठरवावेच लागते.

दशांश आकड्यांचे अ‍ॅरे असतील तर एक ध्यानात ठेव: ‘अ‍ॅरेज.ईक्वल्स’ दोन ‘नॅन’ (‘संख्या नाही’ असे दर्शवणारे मूल्य) समान मानते, पण 0.0 आणि -0.0 वेगळे मानते, म्हणजे ‘==’च्या नेमके उलट.

तुझ्या कामासाठी अ‍ॅरे सोडून रांग आणि आसन असे दोन इंट असलेला रेकॉर्ड (ठरावीक मूल्ये एकत्र ठेवणारा क्लास) कर. जावा 16 पासून तो कायमचा भाषेत आहे आणि त्याचे ‘ईक्वल्स’ मूल्येच ताडते. फक्त त्या रेकॉर्डमध्ये अ‍ॅरे ठेवू नकोस, नाहीतर पुन्हा रेफरन्सचीच तुलना होईल. बदल केल्यावर बारा-सातची जोडी सेटमध्ये दोनदा टाकून पाहा आणि संख्या किती येते ते मला कळव.

तुझा स्नेहांकित